मालवणचा गाळा आणि डोंबिवलीचं घर

‘मालवणात एखादा गाळा घेऊन ठेव. थोडे स्वतःचे घाल, बाकी कर्ज काढ. भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल आणि पंधरा वर्षांनी गाळा तुझा.’ मुंबई-ठाण्यात नोकरी करणाऱ्या आणि गाव कोकणात असलेल्या मराठी माणसाला हा सल्ला आज चहूबाजूंनी मिळतो. एजंट देतो, ते त्याचं पोट आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण आर्थिक नियोजनावर जाहीरपणे बोलणारी जाणती माणसंही आता तेच सांगू लागली आहेत. कोकणच्या विकासाची तळमळ असलेले लोक त्यावर ‘चाकरमान्यांचा पैसा गावाकडे वळतोय’ म्हणून समाधान मानतात. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो, घेणाऱ्याच्या दृष्टीनंही आणि मालवणच्या दृष्टीनंही. माझी सगळी नोकरी बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात गेली आणि आजोळ मालवण तालुक्यातलं. त्यामुळे या विषयावर गप्प राहणं मला जमत नाही.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो, कारण ती वरवर भक्कम आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. तारकर्ली-देवबागच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग सुरू झालं आणि पूर्वी फक्त किल्ला बघून परतणारा पर्यटक दोन रात्री मुक्काम करू लागला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ च्या जानेवारीत गोव्याच्या हद्दीत मोपाचा. मुंबई-गोवा महामार्गाचा सिंधुदुर्गातला भाग रुंद झाला. पर्यटक वाढतायत आणि किनारा काही वाढत नाही, म्हणजे किमती चढणारच, असं ते म्हणतात. शिवाय राहत्या फ्लॅटचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्के पडतं, तर गाळ्याचं सहा-सात टक्के. मग फ्लॅटपेक्षा गाळा बरा.

रेल्वे, विमानतळ, स्कूबा सगळं खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे, कारण मधली एक गोष्ट कुणी विचारतच नाही. गाळ्याचं भाडं पर्यटक देत नाही, दुकानदार देतो, आणि तो ते गल्ल्यातून देतो. तेव्हा हिशेब गल्ल्यापासून सुरू व्हायला हवा.

मालवणचं वर्ष कसं जातं ते बघा. मेच्या अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, त्याच सुमारास स्कूबा आणि बाकीचे जलक्रीडा प्रकारही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. होड्या पुन्हा पाण्यात उतरतात ते सप्टेंबरात. मध्ये गणपती येतात आणि जिल्हा माणसांनी भरून जातो, पण तो चाकरमानी आपल्या घरात उतरतो, घरचं जेवतो, बाजारातून माटवीचं म्हणजे गणपतीवरच्या सजावटीचं सामान, फुलं, किराणा घेतो आणि परत जातो. तो हॉटेलात खोली घेत नाही की नव्या संकुलातल्या कॅफेत बसत नाही. खरा हंगाम दिवाळीच्या सुट्टीत उघडतो, नाताळ-नववर्षात भरतो, आंगणेवाडीच्या जत्रेला दोन दिवस उसळतो, परीक्षांच्या महिन्यांत ओसरतो आणि मे महिन्यात पुन्हा येतो. उरलेल्या दिवसांत शनिवार-रविवार चालतात आणि सोमवारी रस्ता मोकळा होतो.

हंगाम नसताना दुकान कुणावर चालतं? गावच्या माणसांवर. आणि इथेच आकडे डोळे उघडणारे आहेत. २०११ च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या १९ हजारांच्याही खाली होती. अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २००१ मध्ये ८ लाख ६९ हजारांच्या जवळपास होती, ती दहा वर्षांनी साडेआठ लाखांच्या आसपास आली. महाराष्ट्र वाढत होता आणि हा जिल्हा आकसत होता. तरुण शिकून मुंबई-पुण्याला जातात, मागे म्हातारी माणसं राहतात. अशा गावात किराणा, औषधं, शाळेचं सामान, मोबाइल दुरुस्ती, बेकरी अशी ठरावीक दुकानं लागतात आणि ती बाजारपेठेत आधीपासून आहेत, बहुतेक मालकीच्या जागेत. नवीन इमारतीच्या तळमजल्यावर ओळीनं पाडलेल्या गाळ्यांना गिऱ्हाईक कुठून येणार?

‘मालवण म्हणजे उद्याचं गोवा’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं, म्हणून त्याबद्दलही बोलू. गोव्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेचौदा लाख होती आणि त्यातले बासष्ट टक्के लोक शहरी होते. सिंधुदुर्गात शहरी लोक तेरा टक्केही नव्हते. म्हापसा, मडगाव, पणजीची बाजारपेठ पर्यटक आला नाही तरी चालते, कारण तिथे बारा महिने पगार घेणारी, खर्च करणारी माणसं राहतात. किनाऱ्यावरचा धंदा त्या पायावर उभा आहे. मालवणला तो पाया नाही. रेल्वेनं यायचं तर कुडाळ-कणकवलीला उतरून पुढे तास-दीड तासाचा रस्ता. चिपीहून मुंबईला जाणारं विमान, सरकारी योजनेतल्या अनुदानाची तीन वर्षं सरली तसं २०२४ मध्ये बंद झालं. विमानतळाच्या बातमीवर ज्यांनी गाळे घेतले त्यांनी या बातमीचाही हिशेब ठेवायला हवा होता.

आता पैशाचं गणित. सल्लागारांचेच आकडे घेतो, म्हणजे मी मुद्दाम वाईट आकडे धरले असं कुणाला वाटायला नको. समजा गाळा ५० लाखांचा. मुद्रांक शुल्क, अधिभार आणि नोंदणी मिळून सव्वातीन लाख वेगळे. व्यापारी जागेला बँक घरकर्जासारखी ऐंशी-नव्वद टक्के रक्कम देत नाही. साठ टक्के धरू, म्हणजे ३० लाख. व्याज ११ टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता येतो महिना ३४,१०० रुपये, वर्षाचे ४ लाख ९ हजार. भाडं त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे सात टक्के, म्हणजे वर्षाला साडेतीन लाख. गाळा बाराही महिने भरलेला राहिला, भाडेकरूनं एकदाही उशीर केला नाही, तरी वर्षाला ५९ हजार रुपये खिशातून जातात. ‘भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल’ हे वाक्य त्यांच्याच आकड्यांवर पडतं.

आता आठ महिने भाडं मिळालं असं धरा. किनाऱ्यावर हेच जास्त खरं आहे, कारण तिथला दुकानदार सरळ सांगतो की सीझनपुरतं घेतो, पावसाळ्याचं भाडं जमणार नाही. मग हातात येतात २ लाख ३३ हजार आणि तूट होते पावणेदोन लाखांची. त्यात तुमचे स्वतःचे तेवीस लाख अडकलेत, ते मुदत ठेवीत असते तर त्यावर व्याज आलं असतं. नगरपरिषदेचा कर, इमारतीचा देखभाल खर्च, रंग, दुरुस्ती अजून धरलेलीच नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की भाडं दरवर्षी पाच टक्के वाढतं आणि हप्ता तेवढाच राहतो. बरोबर आहे, करूनच बघू. एकही महिना रिकामा न राहता पाच टक्के वाढ मिळत गेली तर पाचव्या वर्षी भाडं हप्त्याला गाठतं. वर्षातले आठ महिने धरले तर तेराव्या वर्षी गाठतं, म्हणजे कर्ज संपायला आलेलं असतं तेव्हा. बँकेनं पंधराऐवजी दहा वर्षांचीच मुदत दिली, आणि व्यापारी जागेला ती बरेचदा तेवढीच मिळते, तर हप्ता ४१ हजारांच्या वर जातो आणि आठ महिन्यांचं भाडं कर्ज फिटेपर्यंत त्याला गाठत नाही. करारात पाच टक्के वाढ लिहिलेली असते हे खरं. पण शेजारचे दोन गाळे रिकामे असताना भाडेकरू वाढ देत नाही, सूट मागतो, आणि मालक ती देतो.

सात टक्के कमावणारी वस्तू घ्यायला अकरा टक्क्यांनी पैसे आणायचे, हा या व्यवहाराचा गाभा आहे. त्यात कर्ज जेवढं मोठं तेवढा तोटा मोठा. ‘दुसऱ्याच्या पैशावर मालमत्ता उभी करा’ हे तत्त्व भाड्याचा दर व्याजापेक्षा जास्त असतो तिथेच लागू पडतं. मालवणच्या गाळ्याला ते लावणं म्हणजे हिशेबच न करणं. करसवलतीचा दाखला देतात, तोही तपासा. घरकर्जाच्या मुद्दलावर जुन्या करपद्धतीत मिळणारी वजावट गाळ्याला मिळत नाही. व्याज भाड्यातून वजा करता येतं, पण व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा पगारातून वळता करायला जुन्या पद्धतीत वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे, आणि आता बहुतेक जण ज्या नव्या पद्धतीत आहेत तिथे ती सोयच नाही.

मी ज्या फायली तपासल्या त्यांत प्रकल्प अहवालाचं एक पान ठरलेलं असे. डाव्या रकान्यात महिने, उजव्या रकान्यात अपेक्षित उत्पन्न, आणि एप्रिलपासून मार्चपर्यंत एकच आकडा बारा वेळा टाकलेला. जुलैसमोर जो आकडा, तोच डिसेंबरसमोर. अहवाल करून देणाऱ्यानं मालवण पाहिलेलं नसायचं. नाशिकच्या किंवा कल्याणच्या दुकानाचा नमुना तो फक्त नाव बदलून वापरायचा. मी जुलैच्या रकान्यावर पेन्सिलीनं गोल करून फाइल परत पाठवत असे. काही वेळा ती सुधारून यायची, काही वेळा दुसऱ्या शाखेतून मंजूर होऊन जायची. हा दोष एका बँकेचा नाही. आपल्याकडच्या कर्जपद्धतीत मोसमाला जागाच नाही. शेतकऱ्याचं पीककर्ज हंगामानुसार फेडता येतं, पण हंगामावरच चालणाऱ्या गाळ्याचा हप्ता मात्र दरमहा पाच तारखेला कापला जातो.

त्याहून मोठी काळजीची गोष्ट वेगळी आहे. लहान गावातल्या गाळ्याचं तारण घ्यायला बँका नाखूश असतात, कारण कर्ज थकलं तर तो विकायचा कुणाला? म्हणून अर्जदाराला सुचवलं जातं की तुमचा डोंबिवलीचा किंवा ठाण्याचा फ्लॅट फिटलेला आहे ना, त्यावर कर्ज घ्या, लवकर मिळेल. माणूस घेतो. घर त्याचं, पैसे त्याच्या घरावरचे, आणि धोका चारशे-पाचशे किलोमीटर दूर एका शटरमागे. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादित ठरतं. सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँकेला ताबा घेण्याचा अधिकार मिळतो. ताबा कशाचा, तर ज्या घरात बायकामुलं राहतात त्याचा. मालवणच्या गाळ्याला कुणी हात लावत नाही, तो तिथेच बंद पडून राहतो. वीस वर्षं हप्ते भरून मोकळं केलेलं घर पुन्हा गहाण टाकायला लावणाऱ्या सल्ल्याला मी आर्थिक नियोजन म्हणू शकत नाही.

२०२० मध्ये हे किती पटकन घडू शकतं ते दिसलं. टाळेबंदीत तो मे महिना पूर्ण गेला. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली, पण व्याज चालूच होतं. पुढच्या वर्षीचा मेही दुसऱ्या लाटेत गेला, आणि त्याच महिन्यात तौक्ते वादळानं सिंधुदुर्ग किनाऱ्याला झोडपलं. दोन वर्षं कमाईचा मे महिनाच आला नाही. ज्यांच्यावर कर्ज नव्हतं ते दुकानदार, घरगुती खोल्यावाले, होडीवाले कसेबसे तगले. कर्जावर घेतलेल्या गाळ्यांचे मालक पगारातून, पीएफमधून हप्ते भरत राहिले.

तोट्याची ही शक्यता लोकांना कळू लागली तसा एक नवा प्रकार आला आहे: हमी भाडं. गाळा किंवा हॉटेलातली खोली विकत घ्या, आम्हीच चालवतो आणि तीन वर्षं आठ टक्के भाडं लेखी देतो. ऐकायला निर्धास्त वाटतं. पण ५० लाखांवर आठ टक्क्यांनी तीन वर्षांचे होतात १२ लाख. जी वस्तू ३८ लाखांना विकता आली असती ती ५० ला विकायची आणि वरचे १२ लाख महिन्या-महिन्यानं परत द्यायचे, एवढंच यात घडू शकतं. तुमचेच पैसे तुम्हाला मिळतात, त्यावर तुम्ही मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, बँकेला व्याज दिलेलं असतं, आणि वर मिळालेलं भाडं म्हणून आयकरही भरता. चौथ्या वर्षी खरं भाडं कळतं. तोवर विकणारा पुढच्या किनाऱ्यावर गेलेला असतो.

आणि मराठी माणसाला तरी हे नव्यानं सांगायची वेळ येऊ नये. पॅनकार्ड क्लब्जनं हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकून, मुदतीनंतर वाढीव रक्कम देण्याच्या बोलीवर पैसे गोळा केले. सेबीनं २०१६ मध्ये परताव्याचा आदेश दिला तेव्हा पन्नास लाखांहून जास्त लोकांचे सुमारे सात हजार कोटी रुपये अडकलेले होते. त्यात शिक्षक होते, गिरणी कामगारांची मुलं होती, निवृत्त कारकून होते. ओळखीच्या एजंटावर विश्वास ठेवून, सुट्टी आणि गुंतवणूक एकत्र मिळतेय म्हणून त्यांनी पैसे घातले होते. लोकांकडून पैसा गोळा करून एकत्र मालमत्ता चालवायची आणि परतावा द्यायचा, याला सेबीची नोंदणी लागते. हमी भाडं देणाऱ्याकडे ती मागून बघा. निदान महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि हमीचा कागद कोणत्या कंपनीच्या नावानं आहे, तिच्याकडे स्वतःचं काही आहे का, ते पाहा.

किनाऱ्याला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे, ती नाशिक-साताऱ्याच्या गाळ्याला नाही: सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. १९९१ पासून हा नियम आहे, २०११ आणि २०१९ मध्ये तो नव्यानं निघाला. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, दाट वस्तीच्या गावांत ती ५० मीटरवर आणली. शहरी हद्दीतले नियम वेगळे. एजंट म्हणतो, ‘ग्रामपंचायतीचा दाखला आहे, घरपट्टी लागलीय, लाइट आलीय, काळजी नको.’ केरळात कोचीजवळ मरडूमधल्या चार इमारतींनाही स्थानिक पंचायतीची परवानगी होती. लोकांनी बँकांची कर्जं काढून फ्लॅट घेतले होते. सर्वोच्च न्यायालयानं किनारी नियमांचा भंग झाला म्हणून २०१९ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला आणि २०२० च्या जानेवारीत त्या स्फोटकांनी उडवल्या. मालकांना प्रत्येकी २५ लाखांची अंतरिम भरपाई मिळाली. इमारत गेली म्हणून बँकेचं कर्ज आपोआप जात नाही. देवबागसारखी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी तर निसर्गच दर पावसाळ्यात कुरतडतो. तिथे दगडी बंधारे का घालावे लागतात ते स्थानिकांना विचारा.

खाऱ्या वाऱ्याचा खर्च कुणी धरतच नाही. बंदराजवळच्या एका नव्या संकुलात मी सप्टेंबरात गेलो होतो. तळमजल्यावरच्या ओळीतले बरेचसे गाळे बंद होते. एका गाळ्याचं शटर मालकाच्या भावानं उघडून दाखवायला घेतलं. कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, तरी किल्ली फिरेना. तेल सोडलं, मग फिरली. शटर गुडघ्याएवढं वर आलं आणि अडकलं. सगळ्यात खालची पट्टी गंजून खाल्ली गेली होती आणि बाजूच्या खाचेत गंजाचा लाल चुरा साचला होता. दोघांनी मिळून ते वर ढकललं. आत भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत ओल आणि रंगाचे पापुद्रे. या गाळ्यात अजून एकही भाडेकरू आला नव्हता. हप्ता मात्र ताबा मिळाल्यापासून चालू होता. “बंद ठेवलं म्हणून असं झालं, चालू असतं तर एवढं खाल्लं नसतं,” असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या जिवाभावाच्या माणसांशी माझे वाद होतात तिकडे येतो. ते म्हणतात, बाहेरचा पैसा आला नाही तर मालवणचा विकास कसा व्हायचा? चाकरमान्यांनी सगळा पैसा ठाण्यातच घालायचा का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

गाळा विकत घेणं म्हणजे धंद्यात पैसा घालणं नव्हे. तो पैसा बिल्डरला जातो आणि तिथे थांबतो. जो दुकान टाकणार, खानावळ काढणार, त्याच्या हातात त्यातला रुपया येत नाही. उलट त्याच्यासाठी जागा महाग होते. ५० लाखांना घेतलेला गाळा मालक दहा हजारांनी द्यायला तयार होत नाही, कारण त्याला हप्ता दिसतो. आणि गावच्या धंद्याला वीस-पंचवीस हजार परवडत नाहीत. म्हणून गाळा बंद राहतो. मालकाला भाडं नाही, गावाला दुकान नाही, आणि रस्त्याला शटरांची रांग.

तारकर्ली-देवबागमध्ये जे पर्यटन उभं राहिलं ते असं उभं राहिलेलं नाही. तिथल्या कुटुंबांनी स्वतःच्या घराला दोन खोल्या जोडल्या, घरची बाई स्वयंपाकाला, मुलगा होडीवर, नवरा मासे आणायला. पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेनं अशांना नाव दिलं. पावसाळ्यात पर्यटक नसला तर ते घर राहतं, रिकामा गाळा होत नाही. खर्च घरखर्चातच मुरतो. हंगामाला पेलणारा हा धंदा आहे. आणि नेमक्या याच लोकांना बँक सहज दारात उभं करत नाही. देवबागच्या एका खानावळवाल्या बाईंना मी विचारलं होतं की आणखी दोन खोल्यांसाठी कर्ज का नाही काढत. त्या म्हणाल्या, “सायबानू, सातबाऱ्यार तीस नावां आसत, अर्धी मुंबयत. सयो खयसून हाडू?” कोकणातल्या सामाईक जमिनीचं दुखणं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. वर्षानुवर्षं उत्तम धंदा करणारी बाई तारण नाही म्हणून अडते, आणि मालवणात एक दिवसही दुकान न चालवलेल्या माणसाला डोंबिवलीच्या फ्लॅटवर तीस लाख मिळतात.

तेव्हा चाकरमान्यांचा पैसा गावाकडे वळवायचाच असेल तर आधी मुंबईतल्या पंधरा हिश्शेदारांना गोळा करून वाटप करून घ्या, जो भाऊबंद गावात राहतो, राबतो त्याच्या नावावर त्याचा तुकडा होऊ द्या. सह्या करायला एक सुट्टी पुरते आणि त्यानं त्याचं कर्ज उघडतं. मुद्रा योजनेत २०१५ पासून विनातारण कर्जाची तरतूद आहे. ती गावातल्या शाखेत जाऊन मागायला, अर्ज भरून द्यायला शिकलेल्या पुतण्या-भाच्यांनी मदत करावी. पैसा घालायचा असेल तर चालत्या धंद्यात लेखी भागीदारी करा, हंगामानुसार नफ्याचा वाटा घ्या, ठरीव भाडं मागू नका. आणि बँकांनी, विशेषतः जिल्ह्यातल्या सहकारी बँकांनी, किनाऱ्यावरच्या धंद्याला ऑक्टोबर ते मे असा हप्त्यांचा कार्यक्रम लावून द्यावा. शेतीला जे जमतं ते इथे न जमण्याचं कारण नाही. ज्याला फक्त व्यापारी जागेच्या भाड्याचा वाटा हवा आहे, गावाशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत; चढउतार त्यांतही आहेत, पण त्यासाठी घर गहाण पडत नाही आणि विकायचं तर त्याच आठवड्यात विकता येतं.

विकण्यावरून आठवलं: ‘भाडं नाही मिळालं तरी किंमत वाढेल’ हा शेवटचा बचाव असतो. किंमत म्हणजे जाहिरातीतला दर नव्हे, कुणी प्रत्यक्ष मोजलेले पैसे. मालवणात गाळा विकायला काढा आणि बघा. नवीन घेणारा बिल्डरकडे जातो, कारण तिथे हमी भाड्याचा कागद मिळतो. तुमच्या चार वर्षं बंद राहिलेल्या गाळ्याला तो कागद नाही. किनारा वाढत नाही हे खरं, पण गाळे वाढतात. प्रत्येक नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सहा-आठ गाळे निघतात आणि तेवढी नवी गिऱ्हाइकं गावात येत नाहीत.

ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मे महिन्यात किंवा नाताळात जागा बघायला जाऊ नका. जुलैतल्या मंगळवारी जा, दुपारी बाजारपेठेतून चाला आणि किती शटर वर आहेत ते मोजा. मग विकणाऱ्याकडे त्याच इमारतीतल्या आधी दिलेल्या गाळ्यांची मागच्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं मागा. गाळा चालला की बंद होता ते प्रत्येक महिन्याच्या युनिटवर दिसतं. बिलं दाखवली नाहीत तर सही करू नका, आणि कोणत्याही परिस्थितीत राहतं घर त्यावर गहाण टाकू नका.